डाव्या दारातला वारा

डेन्झिल ट्रेवार्थाला राग यायचा असं म्हणणं बरोबर नाही. राग त्याच्याकडे मुक्कामालाच असायचा; जेवणानंतर वगैरे थोडा वेळ कुठे बाहेर जाऊन आला तर आला. ऑस्ट्रेलियातल्या वालारूच्या बंदरावर धान्याच्या कोठारांत त्याची सगळी नोकरी गेली. तिथे धान्य वाहणाऱ्या पट्ट्यांच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. ती सवय तो मून्टाच्या घरी घेऊन आला आणि निवृत्त झाल्यावरही तिने काही त्याची पाठ सोडली नाही. चहा निवला, ओरड. कचऱ्याच्या गाडीचा वार बदलला, ओरड. त्याची बायको ग्लेनिस हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच समजून चुकली आणि तीही ओरडायला शिकली. चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाणारी बाई ती, तिच्या छातीत दम कमी नव्हता. दोघांचं जुंपलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. आम्हा शेजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तोडीस तोड होती ती दोघं, आणि रविवारी गाडीत बसून फिरायलाही जायची.

ती गाडी म्हणजे लांब नाकाची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. डेन्झिलने लग्नाच्या आधी घेतली आणि पुढे कुणाला हात लावू दिला नाही. समोरासमोर बसलं की या नवरा-बायकोचं भांडण व्हायचं, पण समोर रस्ता असला आणि दोघांचं तोंड एकाच दिशेला असलं की त्यांना बोलता यायचं. मूल होणार नाही हे त्यांनी त्या गाडीत एकमेकांना सांगितलं. त्याच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायचं तिथेच ठरलं. गाडीत वारा घोंघावायचा, पण तो कुणी मनावर घेतला नाही. दोघांचेही आवाज त्याच्या वर चढायचे.

मग ग्लेनिसच्या घशात गाठ निघाली. अ‍ॅडलेडला किरणांचे उपचार झाले, गाठ गेली म्हणाले, वर्षभराने परत आली. उपचारांनी तिचा आवाज पार घासून टाकला होता. उरली होती ती नुसती खरखर, तीही शांत खोलीत जवळ बसलं तर कळणारी. आता स्वरयंत्र काढून टाकायचं, असं डॉक्टरने सांगितलं. डॉक्टर पोरगेलासा, पायात पळायचे बूट घातलेला. पुढे एखादं यंत्र लावून बोलता येईल, शिकावं लागेल, पण हा आवाज राहणार नाही, हे त्याने इतक्या हसतमुखाने सांगितलं की डेन्झिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. येतानाच्या सगळ्या वाटेवर तो त्या बुटांना शिव्या घालत होता.

ऑपरेशनची तारीख महिनाअखेरची मिळाली. त्या आठवड्यात एका सकाळी ग्लेनिसने स्वयंपाकघरात त्याच्या बाहीला धरून त्याला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तारखेच्या आधी तुला काहीतरी सांगायचंय. माझ्या आवाजात. इथे नको, गाडीत."

लिहून दे, असं तो म्हणाला. मी काय दुकानाबाहेरची पाटी आहे का, असं तिने विचारलं. त्यांच्याकडे बाजारहाटाची दुसरी गाडी होती, पांढरी, नवी, आतून एकदम शांत. तिच्यातून तो तिला वालारूपर्यंत घेऊन गेला. जाताना दोघं दुधाच्या भावावर बोलले आणि येताना काहीच बोलले नाहीत. मनातलं बोलायची सवय जुन्या गाडीतच होती, तेव्हा तीच काढायची असं ठरलं.

ती काय सांगणार याचा डेन्झिलला अंदाज होता. ऑपरेशन नको म्हणणार. तिच्या बहिणीनेही असंच नको म्हटलं होतं आणि सहा महिन्यांत गेली होती. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्याला राग यायचा. दुसरं काही त्याला जमतच नव्हतं. ती नाही म्हणाली की काय काय सुनवायचं हे त्याने मनात पाठ करून ठेवलं.

रविवारी दोघं पोर्ट व्हिक्टोरियाच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना बार्ली पिवळी पडत आलेली, दक्षिणेचा वारा समोरून. गावाबाहेर पडून गाडीने वेग धरला आणि वाऱ्याने सूर लावला. ग्लेनिसचे ओठ हलताना त्याला दिसले. "काय?" त्याने विचारलं. ती पुन्हा बोलली. "काय म्हणालीस?" तिने गळ्याला हात लावून तिसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि त्याला दारातल्या सणसणाटाशिवाय काही ऐकू आलं नाही. वेग कमी करून पाहिला, तर मागून आलेल्या ट्रकने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. गाडी कडेला घेऊ का, त्याने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. थांबून, एकमेकांकडे तोंड करून बोलायचं असतं तर ते घरीच झालं असतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि घर येईपर्यंत तशीच बसून राहिली.

त्या दिवसापासून डेन्झिलने वाऱ्याशी दावा मांडला.

गाडीसोबत आलेलं जुनं हस्तपुस्तक त्याच्याकडे होतं. त्यात लिहिलं होतं की दाराच्या फटीत एक नोट धरा, दार लावा आणि नोट ओढा. ओढायला जोर लागला तर दाराच्या कडेचं रबर चांगलं, सहज सुटून आली तर रबर गेलं. डेन्झिलने पाकिटातून नोट काढली, डाव्या दारात धरली, दार लावलं, ओढली. सर्रकन बाहेर. थोडं पुढे धरली, पुन्हा सर्रकन. वर, खाली, बिजागरीपाशी, कुलपापाशी, सगळीकडून ती नोट निघून येत होती. उजव्या दाराचीही तीच कथा. म्हणजे इतकी वर्षं आपण कुजक्या रबरांची गाडी चालवतोय, असं म्हणून त्याने दोन्ही दारांची रबरं उपटून कचऱ्याच्या डब्यात फेकली आणि अ‍ॅडलेडहून टपालाने नवी मागवली. चांगली जाडजूड मागवली. वाऱ्याला दाखवतोच म्हणाला.

नवी रबरं बसवली तर दार लागेना. खांदा लावून लावलं तेव्हा कुठे लागलं, तेही अर्धवट. दाराची कड गाडीच्या अंगापासून बोटभर बाहेर राहिली. पुढच्या रविवारी ग्लेनिस येऊन बसली. गावाची हद्द ओलांडली आणि गाडीत अशी शिट्टी सुरू झाली की तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. तिने बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. डेन्झिलने रबर विकणाऱ्याचा उद्धार केला, पुस्तक लिहिणाऱ्याचा केला, वाऱ्याचा केला. मग गाडी वळवून घरी आणली आणि गॅरेजच्या भिंतीला लाथ मारून स्वतःचा अंगठा दुखवून घेतला. आता तारखेच्या आधी एकच रविवार उरला होता.

दुसऱ्या दिवशी लंगडत, गाडी घेऊन तो शेजारच्या कडीना गावी लेस हॉकिंगकडे गेला. लेस म्हणजे जन्मभर गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा माणूस, आता घरीच असायचा. या दोघांची मैत्री अशी की दर भेटीत एकाने दुसऱ्याला मूर्ख ठरवायचं. त्या दिवशी लेसला फार कष्ट पडले नाहीत. दार पाहून तो आधी मनसोक्त हसला, मग रबरं का बदललीस म्हणून विचारलं. डेन्झिलने पुस्तक उघडून दाखवलं आणि पाकिटातली नोट काढून सगळा प्रयोग करून दाखवला.

लेसने ती नोट हातात घेतली, दोन बोटांत चोळली. "डेन्झ, हे पुस्तक छापलं तेव्हा आपल्या नोटा कागदाच्या होत्या. ही प्लास्टिकची आहे रे बाबा. ही बँकेच्या तिजोरीच्या दारातूनसुद्धा निघून येईल."

डेन्झिलचं तोंड लाल झालं. रोज हाताळायची वस्तू, भिजली तरी फाटत नाही म्हणून कौतुक करायची वस्तू, आणि ती गुळगुळीत आहे हे आपल्या डोक्यात येऊ नये. आधी त्याला नोटा छापणाऱ्यांचा राग आला, मग लेसचा, आणि मग राग काढायला कोणी उरलं नाही.

जुनी रबरं कुठे आहेत, लेसने विचारलं. ती कचऱ्याच्या डब्यात होती आणि डबा दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा होणार होता. डेन्झिल गाडी पिटाळत घरी आला आणि फुटपाथवर उभा राहून त्याने कोपरापर्यंत हात डब्यात घातले. चहाचा चोथा आणि पेस्टीचे, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीचे, तुकडे चिकटलेली रबरं त्याने ओढून काढली, साबणाच्या पाण्यात धुतली, पुसली आणि परत कडीनाला नेली. लेसने ती बसवली. दार पूर्वीसारखं खटकन लागलं. मग त्याने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून दारात जागोजागी धरून ओढून पाहिली. सगळीकडे ती घट्ट अडकत होती. रबरांना काही झालेलंच नव्हतं.

"मग वारा येतो कुठून?" डेन्झिल ओरडला.

लेसने मास्किंग टेपचं बंडल काढलं आणि गाडीची प्रत्येक फट बाहेरून चिकटवून टाकली. दारांच्या कडा, काचांच्या कडा, आरसे, पुढची काच, सगळं. नंतर दोघं मागच्या डिक्कीतून सरपटत आत शिरले. एक गुडघा धरून आणि दुसरा शिव्या देत, असे दोन म्हातारे गाडीत शिरताना पाहून लेसच्या शेजारणीने पोलिसांना फोन करायचाच बाकी ठेवला होता. गाडी रस्त्याला लागली. आत एकदम शांत. लेसने समाधानाने मान डोलावली. आवाज वारा गाडीच्या अंगावर आपटून होत नव्हता, फटीतूनच येत होता, एवढं नक्की झालं. आता एकेक टेप काढत जायचं आणि दर वेळी थोडं पळवून पाहायचं. ऐकायचं काम लेसचं. डेन्झिलच्या कानांनी बारीक आवाज कोठारांतच सोडून दिले होते.

पुढच्या काचेची टेप काढली, काही नाही. आरशांची काढली, काही नाही. उजव्या दाराची काढली, थोडी कुजबुज. डाव्या दाराच्या वरच्या कडेची टेप निघाली आणि गाडीने वेग घेताच चहाच्या किटलीसारखा आवाज सुरू झाला. तो डेन्झिललाही ऐकू आला.

लेसने खाली उतरून एक डोळा मिटून दाराकडे मागून पाहिलं. काचेभोवतीची चौकट वरच्या कोपऱ्यात किंचित बाहेर झुकली होती. गाडी उभी असताना रबर तिला कसंबसं धरून ठेवायचं, पण वेगात बाहेरचा वारा ती आणखी ओढून काढायचा आणि फट पडायची.

"या बाजूला बसतं कोण?" लेसने विचारलं.

"अजून कोण बसणार? ग्लेनिस."

"आणि उतरताना कशाला धरते?"

डेन्झिलच्या डोळ्यांसमोर ते लख्ख उभं राहिलं. खोल, बुटकी सीट. ग्लेनिस एक पाय बाहेर टाकते, दार अर्धं उघडते, वरच्या चौकटीला हात घालते आणि सगळं वजन त्यावर टाकून उठते. गुडघा दुखायला लागल्यापासून दर रविवारी.

तो घरी आला तो तडक परसात. ग्लेनिस दोरीवरचे कपडे काढत होती. त्याने सुरुवात केली ती फाटकापासूनच. चौकट तिने वाकवली. इतकी वर्षं सांगतोय की सीटला धरून उठ, चौकटीला नको, पण ऐकायचंच नाही. तिच्यामुळे रबरं गेली, तिच्यामुळे दोन रविवार गेले, तिच्यामुळे तो कचऱ्यात हात घालून बसला आणि लेस हॉकिंग त्याला हसला. ग्लेनिसने तोंड उघडलं. वाळकी पानं पायाखाली यावीत तसा काहीतरी आवाज आला. डेन्झिल सवयीने थांबला. इथे तिचा डाव असायचा. उत्तर आलं नाही. मग त्या रिकाम्या जागेत तो आणखी ओरडला, आणि आणखी. पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ग्लेनिसने टोपली उचलली आणि ती आत निघून गेली.

रात्री तिने त्याची पेस्टी टेबलावर ठेवली आणि स्वतःची घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा डेन्झिल भांडण जिंकला होता आणि त्याला घास गिळवत नव्हता. त्याचाही त्याला राग आला.

शनिवारी लेस आला. दाराच्या खालच्या भागात त्याने टॉवेलात गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरला, दार त्यावर टेकवलं आणि आता वरची चौकट तळहातांनी आत दाब म्हणाला. डेन्झिलने आठवडाभराचा सगळा संताप त्या दाबात घातला. काच करकरली. लेसने त्याला चक्क ढकलून बाजूला केलं.

"काच फोडायचीय का? तू ठोकळा धर. राग धरायला नाही सांगितलं."

मग लेस थोडं दाबायचा, ठोकळा काढायचा, दार लावून पाहायचा, पुन्हा थोडं दाबायचा. एवढ्याशा कामाला दुपार गेली आणि डेन्झिल तेवढा वेळ ठोकळा धरून उकिडवा बसला, दात ओठ खात, पण बसला. शेवटी चौकट रबरावर अशी बसली की वर्तमानपत्राची पट्टी ओढली तर फाटायला लागली.

रविवारी वारा होताच. ग्लेनिसने गळ्याला रुमाल बांधला होता. गाव मागे पडलं, गाडीने वेग धरला आणि दारातून काही आलं नाही. इंजिनाची घरघर होती, टायरांची होती, पण ती खाली, पायांपाशी. बार्लीची शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. डेन्झिलने रस्त्यावरची नजर काढली नाही. पाठ केलेलं सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं.

"ऑपरेशन मी करून घेणार आहे," ग्लेनिस म्हणाली.

खरखरत का होईना, शब्द न् शब्द ऐकू आला. डेन्झिलने इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली.

"तुला वाटलं मी नाही म्हणणार. मला मरायचं नाहीये. सांगायचं होतं ते वेगळंच." ती दम घ्यायला थांबली. "इतकी वर्षं तू ओरडलास, मी ओरडले. फिट्टंफाट. माझी तक्रार नाही. पण बुधवारनंतर मला ओरडता येणार नाही. आणि तू तर थांबणार नाहीस."

"मी कुठे..."

"थांब. त्या दिवशी परसात पाहिलं ना. मी गप्प होते आणि तू चालूच. तेव्हा माझी खात्रीच पटली, पुढे रोज असंच. मी तसं राहणार नाही, डेन्झ. तू एकट्याने ओरडणार असशील तर मी दवाखान्यातून घरी येणार नाही. विनीकडे जाईन पोर्ट पिरीला. मी तिला विचारलंय. ती हो म्हणालीय."

विनी म्हणजे तिची मावसबहीण. डेन्झिलला ती कधी आवडली नव्हती.

"मी ओरडतो?" तो म्हणाला.

म्हणाला म्हणजे जसा नेहमी म्हणायचा तसाच म्हणाला. त्या बंद, शांत गाडीत त्याचा आवाज काचांवर आपटला आणि त्याच्याच तोंडावर परत आला. ग्लेनिस अंग चोरून दाराला टेकली आणि तिचा हात गळ्यावर गेला. डेन्झिल हादरला. आजवर त्याच्या आवाजावर नेहमी काहीतरी असायचं, पट्ट्यांचा खडखडाट, वारा, आणि सर्वांत जास्त ग्लेनिसचा आवाज. नुसता आपला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. हे असं कुणी आपल्यावर ओरडलं असतं तर त्याने त्या माणसाचे दात पाडले असते.

तरी राग आलाच. विनीचा आला, तिला परस्पर विचारल्याचा आला, आणि लेस हॉकिंगचा तर इतका आला की त्याने त्या दाराला हात लावला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. सगळं घशापर्यंत आलं. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि तोंड मिटून ठेवलं. मिटून ठेवणं इतकं अवघड असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

बऱ्याच अंतराने त्याने विचारलं, "अजून काही सांगायचंय?" आवाज इतका खाली आला होता की त्याला तो आपला वाटला नाही.

"पुष्कळ," ग्लेनिस म्हणाली.

पोर्ट व्हिक्टोरियाचा फाटा आला. डेन्झिल वळला नाही, सरळ निघाला. ग्लेनिस बोलत होती, आणि तिने सुरुवात लग्नाच्या दिवसापासून केली होती.